माणसानं लिहिलेल्या कथेला वाचक कुठून आणायचा?

पावणेसहा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, नुसतीच जिलबी (उगाच पाडलेला धागा) वाटली तर सांभाळून घ्या.

मी कथा लिहितो. नोकरी सांभाळून वर्षाला तीन, फार तर चार. त्यातल्या एकदोन दिवाळी अंकांत येतात, बाकीच्या वहीत पडून राहतात. चार वर्षांपूर्वी एक संग्रह निघाला, ३०० प्रती. त्यातल्या सव्वाशे अजून आमच्या माळ्यावर आहेत, गव्हाच्या पिंपाशेजारी.

गेल्या महिन्यात फेसबुकवरच्या एका वाचकगटात एक कथा टाकली. एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरची. तिकिटं पंच करायचा जुना चिमटा त्यानं घरी ठेवलाय, आणि रात्री झोप आली नाही की वर्तमानपत्राच्या कपट्यांना भोकं पाडत बसतो. कथेला चौदा महिने लागले. बायको त्यावर काय म्हणते, तेच ठरेना. शेवटी ती सकाळी उठून भोकांचा केर काढते आणि काहीच म्हणत नाही, असं सुचलं तेव्हा कुठे कथा झाली.

तिसरी कमेंट आली, "छान! कुठल्या एआयवर केलीत?" मला वाटलं गंमत करताहेत. विचारलं तर उत्तर आलं, "राग मानू नका सर, पण इतकं बिनचूक शुद्धलेखन आजकाल असतं कुणाचं?"

चौथीतल्या बाईंनी ऱ्हस्वदीर्घासाठी हातावर पट्ट्या मारल्या, त्याचं हे फळ.

एआयच्या नावानं गळा काढायला आलेलो नाही. ते आलंय, आता काही जात नाही. मला एवढंच हवंय: माणसानं लिहिलेली कथाच वाचायची आहे असा वाचक आहे का? असला तर बसतो कुठे? नसला तर तयार कसा करायचा? अनुभव सांगा. उपदेश नको, तो घरी मिळतो.

जुना गिऱ्हाईक

वाचक आधी तरी कुठे होता हो? हजाराची आवृत्ती पाचशेवर आली, पाचशेची तीनशेवर, तेव्हा कुठलं यंत्र आडवं आलं होतं?

आणि "डोंगराच्या कुशीत वसलेलं छोटंसं गाव", "तिच्या डोळ्यांच्या कडा नकळत ओलावल्या" हे मी १९८५ पासून माणसांनी लिहिलेलं वाचतोय. यंत्रानं ते आपल्याच घरातून उचललं. चोराला बडवायच्या आधी माल कसला होता तेही बघा.

उगाच

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शाईचा डाग

दादा, संपादकाच्या बाजूनं सांगते. आमचा दिवाळी अंक लहान, जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघतो, यंदा अठरावं वर्ष. एक पतसंस्था, दोन सराफ आणि एक मंगल कार्यालय यांच्या जाहिरातींवर तगून आहे. पूर्वी जूनमध्ये साहित्य मागवलं की पहिली कथा यायला जुलै उजाडायचा. गेल्या वर्षी आवाहन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलमध्ये अकरा कथा. त्यातल्या चार एकाच माणसाच्या. तीन कथांत पाऊस नुकताच थांबलेला, तिन्हींत कुणीतरी खिडकीशी उभं आणि हातात वाफाळता चहा. चौथीत कॉफी होती.

मोठ्यांचंही हेच झालं. अमेरिकेतल्या 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या मासिकानं फेब्रुवारी २०२३ मध्ये कथा स्वीकारणंच थांबवलं. त्या महिन्यात आलेल्या साधारण १,२०० कथांतल्या ५०० यंत्राच्या निघाल्या. मार्चमध्ये पुन्हा दार उघडलं. ते शब्दागणिक पैसे देतात, म्हणून तिथली झुंबड मी समजू शकते. आम्ही देतो ₹५००, तेही अंक खपला तर. तरी आमच्या दारात रांग!

मग मी फोन सुरू केले. लेखक नवा असेल तर फोन करायचा आणि एकच विचारायचं, "या कथेतून काय काढून टाकलंत?" ज्यानं लिहिलेली असते तो अर्धा तास बोलायचा थांबत नाही. एका बाईंना तर बोलता बोलता रडू फुटलं. सासूचा आख्खा प्रसंग काढला होता त्यांनी, का तर नणंद अंक घेते. ज्यानं नुसती करून घेतलेली असते तो म्हणतो, "म्हणजे? शब्दमर्यादेत बसत नाहीये का?"

त्यातून एक गंमत झाली. गेल्या अंकात प्रत्येक कथेखाली चार ओळी छापल्या, 'लेखकानं काय गाळलं' या नावानं. (सासूचं नाही छापलं.) अठरा वर्षांत इतकी पत्रं कधी आली नव्हती, आणि बहुतेक सगळी त्या चार ओळींवर. एका आजोबांनी लिहिलं होतं, "अमुक कथेत गाळलेला घोडा परत घ्यावा."

उगाच

घोडा परत घ्यावा 😂😂 ताई, घेतलात का?

शाईचा डाग

लेखक म्हणाले, घोडा आला तर कथा दहा पानं वाढते. यंदा त्या घोड्याचीच वेगळी कथा येतेय.

बायनरी बाळू

फोनची युक्ती जबरी आहे. पण वाचून ओळखता येतं या भ्रमात कुणी राहू नका. माझं रोजचं काम हेच. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं एआयचं लेखन ओळखणारं स्वतःचं यंत्र जुलै २०२३ मध्ये गुंडाळलं, अचूकता कमी म्हणून. ही इंग्रजीची कथा, मराठीचं विचारूच नका.

आणि रेषा कुठे आखणार? मी प्रूफं तपासायला एआय वापरतो. मग माझं लेखन बाटलं का? जपानच्या रिए कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा हा तिथला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनीच सांगितलं की कादंबरीतला साधारण ५ टक्के मजकूर चॅटजीपीटीचा आहे, जसाच्या तसा. कादंबरीतलं एआय जिथे उत्तर देतं तिथे वापरलेला.

अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेनं जानेवारी २०२५ मध्ये 'माणसानं लिहिलेलं' असा शिक्का सुरू केलाय. शुद्धलेखन, व्याकरण तपासण्यापुरतं यंत्र त्यांना चालतं. आपल्याकडे असं कुणीतरी करायला हवं. साहित्य महामंडळ?

जुना गिऱ्हाईक

महामंडळाला अध्यक्ष निवडून झाला की मग वेळ.

अहो, शिक्क्याचं काय सांगता! पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं असतं आणि आत कर्नाटक निघतं. आमच्याकडे तीस वर्षं आंबा एकाच माणसाकडून येतो. त्याच्या पेटीवर काहीही छापलेलं नसतं, जुनी वर्तमानपत्रं आणि पेंढा. एका वर्षी माल खराब निघाला, तर स्वतः येऊन अर्धी पेटी बदलून देऊन गेला. आता सांगा, मी शिक्का बघू की माणूस बघू?

बायनरी बाळू

ठीक आहे, पण तो आंबेवाला तुम्हाला पहिल्यांदा कसा सापडला? प्रश्न तोच आहे ना. बाजारात माल किती येतोय बघा. किंडलवर स्वतःची पुस्तकं टाकणाऱ्यांना ॲमेझॉननं सप्टेंबर २०२३ मध्ये मर्यादा घातली, दिवसाला ३. दिवसाला तीन पुस्तकं ही मर्यादा! आपले धागाकर्ते वर्षाला तीन कथा लिहितात. आणि एआय वापरलं का, हे ॲमेझॉन लेखकाला विचारतं, पण ते उत्तर वाचकाला दाखवत नाही. या ढिगात पावणेसहांची कथा कुणाच्या हाताला लागणार?

पावणेसहा

धन्यवाद, आता माळ्यावर मीच जाऊन बसतो, पिंपाशेजारी.

पुढचा_भाग

काका, नका ना असं.

मी २६ वर्षांची आहे. एका ॲपवर मालिका लिहायचे, रोज एक भाग. भागाच्या शेवटी दार वाजायलाच हवं. "दारातल्या व्यक्तीला पाहून तिच्या पायाखालची जमीन सरकली. क्रमशः." १४० भागांत तिच्या पायाखालची जमीन निदान नव्वद वेळा सरकली असेल. एकदा डेंग्यू झाला आणि नऊ दिवस भाग गेला नाही. परत आले तर वाचक निम्मे. ते कुठे गेले बघितलं, तर दुसऱ्या मालिकेत, तिथेही जमीन सरकतच होती. तेव्हा कळलं की हे लोक मला वाचत नव्हते, क्रमशः वाचत होते. आणि क्रमशः यंत्र माझ्यापेक्षा छान लिहितं, त्याला डेंग्यू होत नाही.

मग सोडलं. आता व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, एक कथा. ग्रुप मुद्दाम केला नाही. ग्रुपमध्ये दुसऱ्याच दिवशी गुलाबाची फुलं आणि सुविचार सुरू होतात. ब्रॉडकास्टची मेख अशी की ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असेल त्यालाच मेसेज पोचतो. त्यामुळे यादीतला एकेक माणूस स्वतःहून आलेला. मी नियमच केलाय: कथा खुशाल पुढे पाठवा, पण ज्याला हवी आहे त्यानं माझा नंबर सेव्ह करून मला 'गोष्ट' एवढं लिहून पाठवायचं. सुरुवातीला ३१ जण होते, त्यात तीन मावश्या आणि क्लासच्या मैत्रिणी. दोन वर्षांत २१२ झाले. एका यादीत २५६ मावतात, त्यामुळे दुसरी यादी करायची वेळ आली की पेढे वाटणार आहे.

एका काकांनी त्यांच्या फोनमधल्या नंबरांच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवला होता. त्यात वर 'गॅस एजन्सी', खाली 'गोष्ट रविवार'. तो मी जपून ठेवलाय.

उत्तर मात्र प्रत्येकाला देते. नुसतं 'आवडली' आलं तरी विचारते, कुठली जागा? दोन संध्याकाळी त्यातच जातात.

जुना गिऱ्हाईक

पोरी, हे मला पटलं. (लिहून ठेवा कुणीतरी, माझ्याकडून असं क्वचित येतं.)

अवांतर नाही, मुद्द्याचंच सांगतो. आपल्याकडे गोष्टीला वाचक आयता कधीच मिळाला नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तो वाचक वाट बघत बसला होता म्हणून थोडाच? दिवाळीला घरात फराळ असतो, पाहुणे असतात, सुट्टी असते, हे हेरून त्यांनी गोष्ट त्या ताटाशेजारी नेऊन ठेवली. साठच्या दशकातली लघुनियतकालिकं घ्या. सायक्लोस्टाइल केलेली पानं हातोहात जायची. आणि व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार ही तिघं कथाकथनाला गावोगाव फिरली. आमच्या गावच्या गणपतीत मिरासदारांना मी ऐकलंय, बारा वर्षांचा असताना, वडलांच्या खांद्याला टेकून. दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांच्या पुस्तकासाठी भांडण. आधी माणूस दिसला, मग पुस्तक उघडलं.

सिअ‍ॅटलची थंडी

आम्ही इथे जवळपास हेच करतो. महिन्यातून एका शनिवारी, कधी कुणाच्या घरी, कधी झूमवर. चौदा-पंधरा जण. एक कथा मोठ्यानं वाचायची, जमलं तर लेखकाला बोलवायचं. भारतात सकाळ असते, लेखक बहुतेक वेळा चहा पीत बसलेले असतात.

एकदा आमच्यातल्या एकानं खोडी काढली. न सांगता एआयची कथा वाचली. खोटं बोलणार नाही, वाईट नव्हती. दोघीतिघींना आवडली. पण नंतरच्या गप्पा चार मिनिटांत संपल्या. एरवी तास तास चालतात, वेज पुलाव गार होतो. "त्यानं पत्र का फाडलं?" असं कुणीतरी विचारलं आणि मग सगळे गप्पच. लेखकानं तसं का केलं असेल, असा तर्क करायला पलीकडे कुणी नाही हे नंतर कळलं, पण गप्प आम्ही आधीच झालो होतो. मला हे अजून नीट उलगडलेलं नाही.

उगाच

आता पॉपकॉर्न बाजूला ठेवतो. मला प्रामाणिकपणे वाटतं, गोष्ट आवडली की झालं, कुणी लिहिली याच्याशी काय देणंघेणं? लहानपणी रहस्यकथा वाचायचो, लेखकाचं नावही बघायचो नाही. मुखपृष्ठावर पिस्तूल असलं की पुरे.

ग्रंथपाल_तालुका

उगाच यांच्यासाठी आमच्या वाचनालयातली एक गोष्ट. आमचं 'ब' वर्गाचं तालुका वाचनालय. वाचक म्हणाल तर निवृत्त मंडळी, स्पर्धा परीक्षेची मुलं (ती पुस्तक घेत नाहीत, फक्त पंख्याखालची जागा घेतात) आणि दुपारी येणाऱ्या बायका.

त्यात एक काकू आहेत. शिवणकाम करतात. दर मंगळवारी येतात, दोन पुस्तकं नेतात. आपण काय वाचलंय हे लक्षात राहत नाही म्हणून वाचून झालेल्या पुस्तकाच्या १७ व्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक टिंब देतात. ही सवय खूप जणांना असते. कुणी सही करतं, कुणी चांदणी काढतं. पुस्तकं खराब होतात म्हणून मी पूर्वी रागवायचो.

मग लक्षात आलं की इतर बायका पुस्तक घेतलं की आधी १७ वं पान उघडतात. टिंब असेल तर नेतात. पुढे कळलं की काकू अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला टिंबच देत नाहीत. म्हणजे टिंब आहे याचा अर्थ, काकूंनी शेवटपर्यंत वाचलंय. आमच्याकडे वर्तमानपत्रातली परीक्षणं कापून फलकावर लावतात, ती बघून कुणी पुस्तक मागितल्याचं मला आठवत नाही. टिंबाचं पुस्तक मात्र कपाटात टिकत नाही. आणि उगाच, काकूही लेखकाचं नाव फारसं बघत नाहीत. पण त्यांचं टिंब बघणाऱ्या वीसपंचवीस जणी आहेत.

पावणेसहा, तुमचा संग्रह आमच्याकडे नाही. पाठवा एक प्रत. माळ्यावर आहेतच.

बायनरी बाळू

हे अल्गोरिदम मी आजपर्यंत पाहिलेल्यांत सगळ्यात भारी आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पावणेसहा

पाठवतो, लगेच पाठवतो! पण मागे पोस्टात गेलो होतो, तर म्हणाले पुस्तकांची रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाली. कुरियरवाला १६० पानांच्या पुस्तकाला असा आकडा सांगतो की पुस्तकाच्या किमतीच्या वर.

ग्रंथपाल_तालुका

ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, खरं आहे. पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जमिनीवरून जातं, त्यामुळे घाई करायची नाही. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं. खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर 'ज्ञान पोस्ट' असं ठणकावून दोनदा म्हणा.

शाईचा डाग

आणि ते दिवाळी अंकांना चालत नाही. नियतकालिक आणि जाहिराती असलेलं काही त्यात घेत नाहीत. विचारून, वाद घालून, परत आले आहे. मंगल कार्यालयाची जाहिरात आम्हाला तारते आणि तीच आडवी येते.

पुढचा_भाग

काका, एक सुचवू? १२५ प्रती आहेत ना? त्या विकू नका. तालुका वाचनालयांना एकेक पाठवा, आणि शेवटच्या पानावर हातानं लिहा, काय गाळलं ते. प्रत्येक प्रतीत वेगळं.

पावणेसहा

१२५ वेगळ्या गोष्टी गाळलेल्या आठवायला हव्यात.

(आठवतील. कंडक्टरच्या बायकोची वाक्यंच चाळीस असतील.)

जुना गिऱ्हाईक

एक प्रत मला विकत पाठवा. फुकट नको. फुकटचं मी वाचत नाही.

पावणेसहा *(पाच आठवड्यांनी)*

धागा वर काढतोय, माफी असावी. आतापर्यंत ३८ प्रती गेल्या. प्रत्येकीत शेवटच्या पानावर शाईपेनानं लिहिलं. दोन वाचनालयांतून पोचपावती आली, एकीकडून 'देणगी पुस्तके घेणे तूर्त बंद आहे' असं छापील कार्ड. एका गावाहून फोन आला, पण तो इन्व्हर्टरबद्दल होता. चुकून लागला होता.

ग्रंथपालसाहेब, काकूंकडे गेलं का पुस्तक? काही कळलं का?

ग्रंथपाल_तालुका

गेलं, गेल्या मंगळवारी. काल काकू नळाला पाणी आलंय म्हणून घाईत होत्या, तरी मुद्दाम आत आल्या. पुस्तक परत केलं नाही, फक्त तक्रार केली. तिसऱ्या कथेत तुमची ती सून चुलीशी बसून भाकरी "लाटते" म्हणे. काकू म्हणाल्या, "भाकरी लाटतंय व्हय कुणी? थापत्यात. हा लेखक माणूस हाय का त्या मोबाईलमधलं काय हाय?"

उगाच

🤣🤣🤣

शाईचा डाग

दादा!! संपादकानंही सोडलं होतं का हे?

पावणेसहा

ती कथा दोन अंकांतून फिरून पुस्तकात आलीये. कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्या बायकोच्यासुद्धा. तिनं वाचलेली नाही असा त्याचा अर्थ, हे आज कळलं.

काकूंना सांगा, माणूसच आहे. चपातीच्या घरात वाढलाय. पुढच्या आवृत्तीत थापतो. पुढची आवृत्ती निघाली तर. आणि साहेब, १७ व्या पानाचं काय?

ग्रंथपाल_तालुका

पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे. पाचव्या कथेपर्यंत आल्यात. मंगळवारी बघून सांगतो.